रिफ ऐकू कधी देणार? हेवी मेटलवरच्या माहितीपटांविषयी

(कोल्हापुरात सिनेमाच्या अभ्यासकांपुढे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मेटलवरचा कुठलाही माहितीपट लावा आणि हातात घड्याळ धरा. निवेदन नाही, मुलाखत नाही, असं गाणं सलग किती सेकंद वाजतं ते मोजा. बऱ्याचदा पंधरा सेकंद भरायच्या आत कुणीतरी पडद्यावर येऊन ते गाणं किती महान आहे हे सांगायला लागतो. गाणं मात्र मागे दबून जातं.

हा आळस नाही, हिशेब आहे. गाणं सिनेमात घ्यायचं तर दोन परवानग्या लागतात. एक रचनेची, म्हणजे ज्यांनी ते लिहिलं-बांधलं त्यांची किंवा त्यांच्या प्रकाशकाची. दुसरी ध्वनिमुद्रणाची, ती बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे असते. यातली एक मिळाली आणि दुसरी अडली की गाणं गेलं. त्यातून रचनेचे हक्क चौघांत वाटलेले असले आणि एक जण भांडून बाहेर पडलेला असला, तर सहीसाठी वर्ष जातं. मुलाखतीला मात्र एक कागद आणि एक सही पुरते. म्हणून मेटलचा पडद्यावरचा इतिहास हा बोलणाऱ्यांचा इतिहास झाला आहे. जो बोलायला मिळाला आणि बोलका निघाला, तो त्यात मोठा.

आता सॅम डन. हा कॅनडाचा, शिक्षणाने मानववंशशास्त्रज्ञ. 2005 मध्ये त्याचा ‘मेटल : अ हेडबँगर्स जर्नी’ आला आणि मेटलची वंशावळ पडद्यावर आली. चौकोन, त्यांतून निघणाऱ्या रेषा, ग्लॅम, थ्रॅश, डेथ, ब्लॅक, पॉवर असे मेटलचे उपप्रकार. नवख्या माणसाला याहून चांगली सुरुवात नाही, हे मी आजही म्हणेन. पण वंशावळीत बाप-लेकाचं नातं स्वच्छ दिसतं, गाण्यात तसं नसतं. इंग्लंडच्या वेनम या बँडने 1982 मध्ये अल्बमचं नाव ठेवलं ‘ब्लॅक मेटल’. तो ऐका : खरखरीत, वेगवान, पंकला खेटून चालणारं वादन. पुढे नव्वदच्या दशकात नॉर्वेत जे ब्लॅक मेटल म्हणून घडलं त्याचा पोत, लय, गिटारचा आवाज निराळाच. नाव आणि सैतानी सोंग पुढे गेलं, हात गेला नाही. तक्त्यावर मात्र दोघांमध्ये एकच सरळ रेषा.

त्याच मंडळींची ‘मेटल इव्होल्यूशन’ ही अकरा भागांची मालिका 2011 ची. त्यात ग्लॅमला भाग आहे, ग्रंजलासुद्धा आहे, पण डेथ आणि ब्लॅक मेटल ज्यात यावं तो एक्स्ट्रीम मेटलचा भाग मूळ मालिकेत नाही. तो नंतर चाहत्यांकडून वर्गणी काढून पूर्ण झाला आणि 2014 मध्ये आला. सगळ्यात जास्त फांद्या जिथे फुटल्या, तिथेच पैसे संपले!

एक उदाहरण जरा निवांत बघू. ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम, 13 फेब्रुवारी 1970. पहिल्याच गाण्याची रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणारी छोटी स्वरओळ, तीन स्वरांची : सा, वरचा सा, आणि मग उतरून तीव्र मध्यम. माहितीपटांत इथे हमखास एक वाक्य येतं की हा सैतानाचा स्वर, मध्ययुगात चर्चने यावर बंदी घातली होती. अशा बंदीचा पुरावा नाही. गायक-रचनाकारांना हे अंतर टाळायला शिकवत, कारण ते सुरात लावणं अवघड आणि कानाला अस्थिर. ‘संगीतातला सैतान’ हे लॅटिन नाव छापील ग्रंथांत ठळकपणे दिसतं ते अठराव्या शतकात. आणि अल्लादिया खाँसाहेबांच्या या गावात तीव्र मध्यमाची भीती कोण घालणार? यमन ऐकून कुणी दचकलेलं नाही.

मग ती रिफ अंगावर का येते? कारण यमनात तीव्र मध्यमाला गंधार आहे, निषाद आहे, आजूबाजूला वस्ती आहे. इथे सा सोडला तर त्याला कुणीच नाही. लय अगदी संथ आहे, शेवटचा स्वर थरथरवत लांबवलाय, सुरुवातीला पाऊस आणि घंटा आहे, आणि सगळ्यावर डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाटवलेला आवाज. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र वाजवले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर तयार होतात. सा आणि पंचम घेतले तर ते नवे स्वर सुरात बसतात. गंधार घातला की चिखल होतो. म्हणून मेटलचा पॉवर कॉर्ड हा सा-पचाच असतो. हे पडद्यावर दाखवायला एक गिटार, एक अँप आणि दीड मिनिट पुरेल. ते दीड मिनिट सैतानाच्या कथेला जातं.

सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या बोटांचंही तसंच. पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिकेची टोकं तुटली, हा प्रसंग सगळे दाखवतात. तो डावखुरा, म्हणजे तुटला तो तारा दाबणारा हात. प्लास्टिक वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, तारा हलक्या घेतल्या. इथवर येऊन चित्रपट हळहळतो आणि पुढे सरकतो. पण महत्त्वाचं पुढेच आहे. 1971 च्या तिसऱ्या अल्बममध्ये त्याने गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली, ताण कमी झाला, बोटांना सोपं गेलं आणि आवाजाला जडपणा आला. डूम नावाची अख्खी शाखा या सैल तारेवर उभी आहे.

डेथ मेटलकडे या. फ्लोरिडातल्या टॅम्पाचा आवाज आणि स्टॉकहोमचा आवाज यांत फरक काय, हे माहितीपट शहरांची हवाई दृश्यं दाखवून सांगतात. स्टॉकहोमचं उत्तर एका पेडलमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या डबीत आहे : बॉस कंपनीचा एचएम-टू. चार बटणं : लेव्हल, रंग बदलणारी खालची आणि वरची अशी दोन, आणि डिस्टॉर्शन. चारही पूर्ण उजवीकडे फिरवा. साधारण एक हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज इतका फुगतो की गिटार करवतीसारखी कापते. तिथल्या एंटूम्ब्ड या बँडचा 1990 चा पहिला अल्बम हा त्याचा नमुना. घरी करून बघाल तर एक अडचण येईल : वरचं बटण पूर्ण उघडल्यावर शिट्टी सुरू होते. तेव्हा अँपपासून दूर उभं राहायचं आणि वाजवत नसाल तेव्हा तारांवर तळवा ठेवायचा.

नॉर्वेतल्या ब्लॅक मेटलबद्दल फार बोलत नाही, कारण त्याबद्दल गरजेपेक्षा जास्त बोललं गेलंय. 1992 पासून जळालेली लाकडी चर्च, ऑगस्ट 1993 मधला खून. कॅमेऱ्याला याहून काय हवं? ‘अंटिल द लाइट टेक्स अस’ (2008) निदान तिथल्या वादकांना सावकाश बोलू देतो, सनसनाटी कमी करतो. तरी नॉर्वेच्या ब्लॅक मेटलच्या अनेक तबकड्या बेर्गेनच्या ग्रीगहालेनमध्ये, म्हणजे सिंफनी वाद्यवृंदाच्या सभागृहात ध्वनिमुद्रित झाल्या, ही मला आगीपेक्षा रंजक गोष्ट वाटते.

बनावटपणाही लक्षात ठेवा. पेनेलोपी स्फिरिसच्या 1988 च्या लॉस एंजलिसवरच्या चित्रपटात सॅबथचा मूळ गायक ऑझी ऑस्बोर्न याच्या थरथरत्या हातून संत्र्याचा रस सांडतो. ते सांडणं रचलेलं होतं, हे दिग्दर्शिकेनेच नंतर मान्य केलं. याउलट 1986 चा ‘हेवी मेटल पार्किंग लॉट’, जेमतेम सतरा मिनिटांचा. जूडास प्रीस्ट या बँडच्या कार्यक्रमाआधी गाड्यांपाशी जमलेली पोरं, बस्स. इतिहास शून्य, तज्ज्ञ शून्य, आणि तरी त्या काळाचा चाहता कसा दिसायचा-बोलायचा हे त्याहून नेमकं कुठेच नाही.

आपल्याकडचं म्हणाल तर आयर्न मेडन या बँडवरचा ‘फ्लाइट 666’ 1 फेब्रुवारी 2008 च्या मुंबईच्या कार्यक्रमाने सुरू होतो. मुंबई तिथे गर्दी म्हणून येते. डनच्याच ‘ग्लोबल मेटल’मध्ये मुंबईचे वादक बोलतात तरी, पण एका चित्रपटात इतके देश कोंबल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला किती येणार?

ज्यांना इथल्या बँडवर काही करायचंय, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. कॅमेऱ्याच्या माइकवर विसंबू नका. त्याची आपोआप पातळी ठरवण्याची सोय मोठा आवाज आला की सगळंच दाबते, आणि ड्रम श्वास घेतल्यासारखे वर-खाली होतात. मिक्सरमधून थेट लाइन घ्या, पण फक्त तीच नको. छोट्या सभागृहात गिटारचे अँप स्टेजवरूनच एवढे जोरात ऐकू येतात की साउंडवाला त्यांना मिक्सरवर जवळपास घेतच नाही. घरी येऊन ऐकाल तर गळा आणि बास ड्रम, गिटार गायब! म्हणून प्रेक्षकांत, स्टेजपासून साधारण सहा-सात मीटरवर, दोन माइक वेगळे लावा. रेकॉर्डर 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, शिखर उणे बारा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. साउंडचेकला जी पातळी असते ती कार्यक्रमात वाढतेच, डॉल्बीवाल्यांना ओळखता तुम्ही. सुरुवातीला एकदा टाळी वाजवून घ्या, जुळवणीला सोपं जातं.

आणि संकलनात निवेदनाखाली रिफ ठेवू नका. माणसाचे शब्द स्पष्ट करणारा भाग आणि गिटारचा चावा एकाच पट्ट्यात असतात, एक ते चार किलोहर्ट्झ. शब्द कळावेत म्हणून संकलक तिथे गिटार कापतो, आणि उरतो तो गुरगुराट. बोलणं संपवा, मग रिफ पूर्ण आवाजात, किमान एक आवर्तन पूर्ण होईपर्यंत. कॅमेरा तेवढा वेळ वादकाच्या उजव्या हातावर ठेवा, खालीच मारतोय की खाली-वर, ते दिसलं पाहिजे.