रॅक येतो, माणूस येत नाही

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'महासंगणक-तज्ज्ञ' म्हटलं. तेवढं मागे घ्या. मी दुसऱ्यांच्या मशिनवर रात्री जॉब लावून सकाळी 'सेगमेंटेशन फॉल्ट', म्हणजे प्रोग्राम मध्येच कोसळल्याची सूचना, वाचणारा माणूस. पत्रिकेत विषय छापलाय : 'वैज्ञानिक संगणनाची प्रयोगशाळा उत्कृष्टता केंद्र कशी होते'. पाऊण तास आहे, पुरेल असं वाटतं.

पुण्यात बोलायचं तर 'परम' या आपल्या महासंगणकापासून सुरुवात केली पाहिजे, नाहीतर तुम्ही चहा देणार नाही. गोष्ट तुम्हाला पाठ आहे. अमेरिकेनं तिकडचा क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली, शेवटी दिला तो धाकटा, हवामानाच्या कामासाठी, दिल्लीला. इकडे १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था निघाली आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. आपण ती 'त्यांनी नाही म्हटलं, आम्ही करून दाखवलं' अशी सांगतो. छाती माझीही फुगते. पण परमच्या पोटात काय होतं? इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे टी-८०० ट्रान्सप्युटर. चिप विकतचीच. विकत मिळत नव्हतं ते एवढंच, की अशा चौसष्ट चिपा एकमेकींशी बोलत्या करायच्या आणि त्यांच्यावर चालतील असे प्रोग्राम लिहायचे. त्याला माणसं लागली. सी-डॅकच्या डॉ. विजय भटकरांनी ती जमवली, हे माझ्या लेखी मशिनपेक्षा मोठं काम.

आता माझी गोष्ट. संस्थेचं नाव सांगत नाही, पेन्शन तिथूनच येते. (हशा)

फेब्रुवारीत पत्र आलं, निधी ३१ मार्चच्या आत खर्च करा. आम्ही सोळा नोडचा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेले सोळा संगणक, मागवला. २९ तारखेला ट्रक दारात. रॅक लिफ्टमध्ये मावेना, म्हणून हमालांनी जिन्यावरून चढवला. तिसऱ्या मजल्यावर त्यांच्यातले एक मामा टेकले आणि म्हणाले, "साहेब, काय आहे यात?" म्हटलं, "गणितं करायचं यंत्र." म्हणाले, "एवढी जड गणितं?"

वर गेल्यावर कळलं की खोलीला एसी नाही. क्लस्टर 'उपकरणे' या शीर्षाखाली, एसी बांधकाम विभागाच्या शीर्षाखाली, म्हणजे टेंडर वेगळं. अकरा महिने खोकी व्हरांड्यात पडून होती. वॉरंटी मात्र पहिल्या दिवसापासून चालू. दोन खोक्यांच्या मधल्या फटीत मांजर व्यायली. विभागात थट्टा चालायची की क्लस्टरवरचं पहिलं उत्पादन तेच. उद्घाटनाला पाहुणे आले, फीत कापली गेली, पडद्यावर रंगीत भोवरे फिरताना दिसले. ते माझ्या लॅपटॉपवरून फिरत होते. रॅकचे फक्त दिवे लागले होते.

मग एक मुलगा आला. एमएस्सी झालेला, लिनक्सचा वेडा. त्यानं सगळं लावलं. रांगेत कोणाचा जॉब कधी चालायचा, वीज गेली की यूपीएसवर कोणता नोड आधी बंद करायचा, रसायनशास्त्राच्या बाईंचा कोड का अडकतो, सगळं त्याच्या डोक्यात. त्याला कायम करावं म्हणून मी प्रस्ताव लिहिला. उत्तर आलं की असं पदच नाही. जवळचं पद 'तंत्रज्ञ', पात्रता आयटीआय वायरमन. म्हणून तो सहा-सहा महिन्यांच्या करारावर, मध्ये एका दिवसाचा खंड. त्या खंडाच्या दिवशीही यायचा बिचारा, हजेरीत नसताना. चार वर्षांनी हिंजवडीला गेला, तिप्पट पगारावर. दोन महिन्यांत डिस्क भरली. तीन जणांची पीएचडी त्या डिस्कमध्ये, आणि आम्ही प्राध्यापक मंडळी स्क्रीनसमोर आरतीला उभं राहावं तसे उभे.

जीन अ‍ॅमडाल या संगणक-अभियंत्यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशोब आहे. प्रोग्रामचा पाच टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर हजार प्रोसेसर लावा नाहीतर लाख, वेग वीस पटीपलीकडे जात नाही. आमचे पाच टक्के हिंजवडीला गेले होते.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे'. त्याखाली कोणीतरी 'पाच' केलंय. (हशा)

बरं, मग मूळ विषय, झपाट्यानं. प्रश्न आधी, माणूस मग, यंत्र शेवटी. आपल्याकडे क्रम नेमका उलटा. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेला 'प्रत्यूष' हा महासंगणक २०१८ मध्ये मिळाला, चार पेटाफ्लॉपचा, म्हणजे सेकंदाला चार हजार लाख कोटी गणितं करणारा. पण ती संस्था १९६२ पासून पावसाच्याच मागे आहे. यंत्र आलं तेव्हा त्याला काय विचारायचं हे ठरलेलं होतं. तुमच्या प्रयोगशाळेचा पाऊस कोणता, ते आधी ठरवा.

क्रमांकाच्या मागे लागू नका. पुण्याचाच 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या वेगवान महासंगणकांच्या यादीत जगात चौथा होता, आता यादीत नाही. त्यात लाज नाही, मशिनं म्हातारी होतातच. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६० मध्ये चालू झालेला टिफ्रॅक हा संगणक तर निर्वात नळ्यांचा. तो कधीच मोडीत निघाला. पण तो घडवणाऱ्या आर. नरसिंहन यांच्याभोवती तिथे जे लोक घडले, त्यातून एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संस्था उभी राहिली, पुढे ती सी-डॅकमध्येच मिसळली. म्हणजे नळ्या गेल्या, माणसं पुण्यापर्यंत आली.

प्रबंधाबरोबर कोड मरतो, तो जगवायला माणूस नेमा. लिहिलेला कोड दुसऱ्याला चालवता येईल असं टिपण आणि चाचण्या ठेवायला लावा, त्याशिवाय मौखिक परीक्षा घेऊ नका. बाहेरच्या कॉलेजांना रांगेत जागा द्या. अडाणी प्रश्न विचारणारे वापरकर्तेच प्रयोगशाळेला शहाणं करतात. आणि वायरमनची ती पात्रता... हो, हो, संपवतो.

तो मुलगा परवा लग्नात भेटला. आता मोठा साहेब आहे. गमतीनं विचारलं, क्लस्टरचा पासवर्ड आठवतो का रे? त्यानं खडखड म्हणून दाखवला. मी घरी येऊन विभागात फोन लावला. अजून तोच आहे.