ओसाका: पेठेतल्या माणसांचं शहर

श्रोतेहो, नमस्कार.

जपानला निघालेली आपली मंडळी टोकियो पाहतात, क्योतोची देवळं पाहतात आणि ओसाकाला जेमतेम एक रात्र ठेवतात. आम्ही चार मित्रमैत्रिणींनी मुक्कामच ओसाकाला टाकला. आज त्या शहराबद्दल मनापासून सांगायचंय, कारण ते घडवलं तिथल्या दुकानदारांनी आणि गिऱ्हाइकांनी, आणि तिथे खाताना हे सारखं जाणवत राहतं.

एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत, ठिकठिकाणच्या सरदारांचा तांदूळ ओसाकाच्या वखारींत येऊन पडायचा. दोजिमाच्या तांदूळबाजाराला शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, सरकारने १७३० साली मान्यता दिली. जगातल्या अगदी पहिल्या वायदेबाजारांत त्याची गणना होते. गावात पूल दोनशेच्या आसपास होते, त्यांतले सरकारी खर्चाचे फक्त बारा. बाकीचे पेठेतल्या लोकांनी स्वतःच्या पैशाने बांधले. दोतोंबोरीचा कालवासुद्धा १६१२ मध्ये तिथल्याच एका माणसाने, यासुई दोतोनने, खणायला घेतला. तो पुढे लढाईत मारला गेला, तरी भाऊबंदांनी १६१५ मध्ये काम तडीला नेलं. आज ओसाकाला येणारा प्रत्येक जण संध्याकाळी याच कालव्यावर येतो. वर ग्लिको या खाऊच्या कंपनीच्या जाहिरातीतला धावपटू दिव्यांनी लखलखत असतो. तिथे १९३५ पासून पाटी बदलत आली, धावणारा गडी तोच आहे.

आणि खाली ताकोयाकीच्या गाड्या! आपल्या आप्पेपात्रासारखाच, पण कितीतरी मोठा बिडाचा तवा. त्यात मैद्याचं पातळ पीठ ओततात, ते पाण्यात नव्हे तर दाशीत, म्हणजे तिथल्या सूपपाण्यात, भिजवलेलं असतं. मग ऑक्टोपसचा तुकडा, कांद्याची पात, आल्याचं लाल लोणचं. दोन अणकुचीदार सळ्यांनी पोरं ते गोळे इतक्या भराभर उलटतात की आमचा एक मित्र खायचं विसरून बघत राहिला. वरून खरपूस आणि आत जवळजवळ वाहतं. पहिला गोळा अख्खा तोंडात टाकू नका, फोडून वाफ जाऊ द्या.

याच्या जन्माची कथा आकाशवाणीच्या श्रोत्यांना आवडेल. १९३० च्या दशकात आइझुया नावाच्या दुकानात मांस घातलेले असेच गोळे मिळायचे, आणि रेडिओ तेव्हा नव्या नवलाईचा, म्हणून त्यांना रेडिओयाकी म्हणत. आकाशी गावात ऑक्टोपस घालतात असं एका गिऱ्हाइकाने सांगितलं, आणि १९३५ मध्ये दुकानदाराने तो घालून पाहिला, असं सांगतात. गिऱ्हाइकाचं ऐकून पदार्थ बदलणारं हे गाव आहे.

शिनसेकाई भागात गेलो ते कुशिकात्सुसाठी. काडीला मांस, मासा, कमळकाकडी, कांदा टोचायचा, पावाच्या चुऱ्यात घोळवायचा आणि तळायचा. पूर्वापार पद्धत अशी की सगळ्या गिऱ्हाइकांना सॉसचं भांडं एकच. म्हणून काडी एकदाच बुडवायची, उष्टी काडी पुन्हा बुडवायची नाही. हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत असतो. सॉस कमी पडला तर कोबीचं कच्चं पान घेऊन त्याने उचलायचा. करोनानंतर बऱ्याच ठिकाणी बाटल्या आल्या, पण नियमाच्या पाट्या दिसतात. अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून एकाच भांड्यातलं खातात, तेही एकमेकांचा मान राखून, हे मला फार मोलाचं वाटलं.

शेजारीच त्सुतेनकाकू मनोरा. पहिला १९१२ चा, तो युद्धकाळात आग लागल्यावर उतरवला. आसपासच्या रहिवाशांनी पुढाकार घेऊन पैसा उभा केला आणि १९५६ मध्ये आजचा १०३ मीटरचा मनोरा उभा राहिला. ओसाकाच्या किल्ल्याचंही तसंच. हिदेयोशी या बलाढ्य सरदाराने १५८३ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला १६१५ च्या लढाईत पडला, तोकुगावांनी, म्हणजे एदो काळच्या शोगुन घराण्याने, तो पुन्हा बांधला, त्याचा मुख्य बुरूज १६६५ मध्ये वीज पडून जळाला. आजचा बुरूज १९३१ चा, काँक्रीटचा, नागरिकांच्या देणग्यांतून झालेला. आत लिफ्ट पाहून काही पर्यटक हिरमुसतात. मला ते पटत नाही. वर्गणी काढून आपला बुरूज परत उभारणारी माणसं हाही त्या किल्ल्याचा इतिहासच आहे. बाहेरचे तटाचे प्रचंड दगड मात्र तोकुगावांच्या काळातले. ते पाहायला वेळ ठेवा.

आता शाकाहारी श्रोत्यांसाठी. ओसाकाच्या दाशीचा जीव कोन्बु या समुद्री शेवाळात आहे. उत्तरेच्या होक्काइदोहून जहाजं ते घेऊन यायची. कोन्बु शाकाहारी, पण दाशीत बहुधा कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेल्या माशाचे काप, असतातच. उदोन या जाड शेवयांचं सूप, ओकोनोमियाकी या कोबी घातलेल्या धिरड्याचं पीठ, सगळीकडे तेच. आमच्यातल्या शाकाहारी मैत्रिणीला याचा खरंच त्रास झाला. आता काही दुकानं बिनमाशाचे पदार्थ करतात, ती निघण्याआधीच शोधून ठेवा.

नाहीतर आगगाडीने अर्ध्या तासावर कोबे आहे. तिथलं आपलं नातं जुनं. १८९३ मध्ये टाटा आणि जपानच्या एनवायके या जहाजकंपनीने मुंबई-कोबे आगबोट सुरू केली, ती मुख्यतः कापसासाठी. ओसाकाच्या गिरण्या तेव्हा हिंदुस्थानी कापसावर सूत काढत होत्या, आणि मुंबईहून जाणाऱ्या गाठींत आपल्या वऱ्हाडचा कापूसही असे. व्यापारासाठी गेलेली भारतीय कुटुंबं कोबेत स्थिरावली. १९८५ मध्ये तिथे जैन मंदिर झालं. साहजिकच शाकाहारी जेवणही तिथे सहज मिळतं. आमच्या मैत्रिणीने तिथे पोटभर वरणभात खाल्ला आणि तिचा चेहरा खुलला. दुपारी तिकडे जेवा आणि दिवे लागायच्या वेळी ओसाकाला परता, शिनसेकाईची दुकानं तेव्हाच रंगात येतात.

नमस्कार.