लुईजी लाब्लाश : खर्जाला नायकपद देणारा गायक

श्रोतेहो, नमस्कार.

ज्या गायकाचा एकही सूर आज ऐकवता येत नाही, त्याच्याविषयी रेडिओवरून बोलणे हे थोडे धाडसच आहे. लुईजी लाब्लाश १८५८ मध्ये निवर्तले आणि एडिसनचे ध्वनिमुद्रण यंत्र आले १८७७ मध्ये. मात्र त्यांचा गळा आणि अभिनय डोळ्यांपुढे ठेवून बेल्लिनी, डोनिझेट्टी आणि व्हेर्दी या संगीतकारांनी रचलेल्या भूमिका आजही गायल्या जातात, आणि या स्वरलिपी नीट वाचल्या तर गायकाविषयी पुष्कळ काही कळते.

ऑपेरात ‘बास’ म्हणजे पुरुषाचा सर्वांत खालचा, खर्जातला आवाज. प्रेम करायचे ते टेनर, म्हणजे उंच आवाजाच्या गायकाने, मरायचे ते सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच आवाजाच्या गायिकेने, आणि बासच्या वाट्याला बहुधा राजा, धर्मगुरू, म्हातारा बाप किंवा एखादा विनोदी नोकर यायचा. लाब्लाश यांनी यातील बापही रंगवले आणि नोकरही. पण माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण या दोन टोकांमधली भिंत त्यांनी पाडली, यात आहे.

त्यांचा जन्म १७९४ मध्ये नेपल्समध्ये झाला. वडील फ्रेंच व्यापारी, आई आयरिश. बाराव्या वर्षाच्या सुमारास ते तिथल्या संगीत विद्यालयात दाखल झाले. पण रंगभूमीच्या ओढीने ते तिथून इतक्या वेळा पळाले, की विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना नाटकगृहांनी कामावर घेऊ नये असे फर्मानच राजाला काढावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८१२ मध्ये सान कार्लिनो या छोट्या लोकप्रिय नाटकगृहात त्यांनी पदार्पण केले, तेही नेपल्सच्या बोलीत बोलणाऱ्या विनोदी पात्राच्या भूमिकेत. त्या गल्लीतल्या प्रेक्षकांसमोर शब्द अस्पष्ट उच्चारून भागत नव्हते, आणि पुढे दरबारी नाटकगृहे गाजवताना हीच शिदोरी त्यांच्या कामी आली.

पालेर्मोत काही वर्षे काढल्यावर मिलानचे ला स्काला हे ऑपेरागृह, मग व्हिएन्ना आणि १८३० मध्ये लंडन व पॅरिस, असा त्यांचा प्रवास झाला. आवाजाचा पल्ला सुमारे दोन सप्तकांचा होता, म्हणजे बास गायकासाठी काही अचाट नव्हे. अचाट होता तो त्याचा आकारमानाने भरलेला नाद, आणि देहही तसाच धिप्पाड. मोझार्टच्या ‘दोन जोव्हान्नी’ या ऑपेरात लेपोरेल्लो या नोकराची भूमिका करताना ते मासेत्तो या शेतकऱ्याचे काम करणाऱ्या पूर्ण वाढलेल्या माणसाला काखेत मारून सहज घेऊन जात, असे त्या काळचे वर्णन आहे.

१८३५ च्या जानेवारीत पॅरिसच्या तेआत्र इतालियाँमध्ये बेल्लिनीचा ‘ई प्युरितानी’ प्रथम रंगमंचावर आला. सोप्रानो ज्युलिया ग्रीझी, टेनर रुबिनी, मधल्या आवाजाचे (बॅरिटोन) ताम्बुरिनी आणि लाब्लाश या चौघांना पुढे लोक ‘प्युरितानी चौकडी’ म्हणूनच ओळखू लागले. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस ताम्बुरिनी आणि लाब्लाश यांचे जे रणगीत आहे, त्यात दोन खालचे आवाज एकत्र येऊन टेनरच्या वाट्याची टाळी पळवतात. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बेल्लिनी वारले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्या अंत्यविधीच्या प्रार्थनेत गाणाऱ्यांमध्येही लाब्लाश होते. हा योग त्यांच्या आयुष्यात वारंवार आला. १८२७ मध्ये व्हिएन्नात बेथोव्हेनसाठी आणि १८४९ मध्ये पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपाँसाठी मोझार्टचे ‘रेक्विएम’ हे मृतात्म्यांसाठीचे प्रार्थनासंगीत गायले गेले, तेव्हाही त्यातील बासचे पद त्यांच्याकडेच होते. १८२७ मध्येच शुबर्टने तीन इटालियन गीते त्यांना अर्पण केली.

व्हिक्टोरिया राणी होण्यापूर्वी, १८३६ पासून, तिला गाणे शिकवण्याचे काम लाब्लाश यांच्याकडे आले आणि ती राणी झाल्यावरही ही शिकवणी चालू राहिली. ही गोष्ट इंग्रज चरित्रकारांना फार प्रिय आहे. आपण तिथे अधिक रेंगाळण्याचे कारण नाही.

रेंगाळायचे ते ‘दोन पास्क्वाले’पाशी. ३ जानेवारी १८४३ रोजी पॅरिसमध्ये डोनिझेट्टीचा हा ऑपेरा प्रथम सादर झाला. कंजूष म्हातारा पास्क्वाले तरुण बायकोच्या मोहाने फसतो, एवढीच कथा. अशा म्हाताऱ्याला हसणे ही इटालियन विनोदी रंगभूमीची जुनी चाल. तिसऱ्या अंकात त्याचा डॉक्टर मालातेस्ता आणि पास्क्वाले एका श्वासात शब्दांची जी झड लावतात, ती सान कार्लिनोत तयार झालेल्या जिभेलाच पेलणारी होती. परंतु त्याच अंकाच्या सुरुवातीला त्याची बायको बनून आलेली नोरिना त्याला थोबाडीत मारते, आणि तेथे संगीत अचानक खाली उतरते. आता आपले सारे संपले, असे म्हातारा स्वतःशी गातो. हसणारा प्रेक्षक त्या क्षणी अवघडतो. हा प्रसंग लिहिताना डोनिझेट्टीसमोर असा गायक होता, ज्याच्या गळ्यात विदूषकही होता आणि बापही, म्हणूनच हे धाडस त्याला करता आले असावे.

१८४७ मध्ये व्हेर्दीच्या ‘इ मास्नादिएरी’ या ऑपेराच्या लंडनमधील पहिल्या प्रयोगात स्वीडिश गायिका जेनी लिंड हिच्याबरोबर त्यांनी वृद्ध पिता मासिमिलियानो साकारला. पन्नाशी ओलांडल्यावरही, १८५२ मध्ये, ते सेंट पीटर्सबर्गला गायला गेले. नंतर प्रकृती ढासळली आणि जानेवारी १८५८ मध्ये नेपल्समध्येच त्यांचा मृत्यू झाला. दफन मात्र पॅरिसजवळच्या मेझाँ-लाफित येथे झाले. त्यांची एक मुलगी सुप्रसिद्ध पियानोवादक थालबर्ग यांना दिलेली होती, आणि मुलगा फेदेरिको हाही बास गायकच झाला.