उलटा कोरलेला 'क'

[पडद्यावर: पोलादी पंच, भिंगाखाली]

छपाईसाठी धातूची अक्षरं ओतायची, तर आधी प्रत्येक अक्षर असं पोलादी पंचावर, म्हणजे ठशावर, कोरतात. हा 'क' आरशात दिसावा तसा उलटा आहे. कोरताना पोलाद मऊ असतं. अक्षर जमलं की ते लालबुंद तापवून पाण्यात बुडवतात. मग पुन्हा बेतानं तापवायचं, पिवळसर झाक येईपर्यंत. हे दुसरं तापवणं राहिलं, तर हातोडीच्या पहिल्याच घावाला टोक उडतं.

[तांब्याचा तुकडा, घाव]

पंच तांब्यात ठोकला की अक्षराचा साचा उठतो. घाव सरळच हवा. तिरका पडला तर साचा एका बाजूला खोल होतो आणि कागदावर अर्धं अक्षर ठळक, अर्धं पुसट येतं. शिवाय प्रत्येक साचा कानशीनं घासून एका पातळीत आणावा लागतो. रोमन लिपीत केसभर चूक खपून जाते. देवनागरीत शिरोरेषा लगेच चुगली करते.

[ओतकाम]

साच्यात ओतायचा रस: शिसं, अँटिमनी हा कडक धातू, थोडं कथील. त्यातून निघतो खिळा, म्हणजे छपाईचं धातूचं अक्षर. नुसतं शिसं छापयंत्राच्या दाबाखाली चेपतं, म्हणून अँटिमनी. रस पुरेसा तापला नाही तर खिळ्यावर अक्षर नीट उठत नाही. आणि काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरली, तर असे शेकडो वेगवेगळे खिळे लागतात.

[जुनं छापील पान]

अमेरिकन मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेच्या मुंबईतल्या छापखान्यात १८१७ साली मराठी छपाई सुरू झाली. त्याआधी चार वर्षं, १८१३ च्या फेब्रुवारीत, या मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत धाडायला निघालं होतं. त्यांच्याबरोबरच्या सॅम्युएल न्यूवेलची पत्नी हॅरिएट हिंदुस्थानात राहायची परवानगी न मिळाल्यानं मॉरिशसला गेली आणि १८१२ मध्ये तिथेच वारली. वय १९. न्यूवेल १८२१ साली कॉलऱ्यानं गेला.

[घाटवाट, मग देवळाची ओसरी]

मार्च १८२६. हॉल पुस्तकं वाटत नाशिककडे गेला होता. तिथे कॉलऱ्याची साथ. जवळचं औषध बहुतेक रुग्णांना देऊन झालेलं. परतीच्या वाटेवर एका देवळाच्या ओसरीवर मुक्काम पडला, तिथेच त्याला कॉलऱ्यानं गाठलं. काही तासांत सगळं संपलं.

[थोडा वेळ निवेदन नाही]

त्याच वर्षी बायबलचा मराठी नवा करार छापून निघाला.

[खिळ्यांची पेटी]

पुढे याच छापखान्यात थॉमस ग्रॅहॅमनं देवनागरी खिळे अधिक लहान, अधिक सुबक केले. पुढे नामांकित मुद्रक झालेले गणपत कृष्णाजी आणि जावजी दादाजी, दोघांचीही शिकाऊ उमेदवारी इथलीच. जावजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ चा.

[जुळारी ओळ लावतो. उजेडात शिरोरेषा.]