कुशीत घ्यायचं विणकाम

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या आत्याच्या लग्नातलं रुखवत मला अजून आठवतं. चिरोट्या-अनारशांच्या ताटांमागे तिच्या क्रोशाच्या वस्तू मांडल्या होत्या. दाराचं तोरण, ताटावर घालायचे रुमाल आणि मोर विणलेला एक पांढराशुभ्र टेबलक्लॉथ. तो विणायला तिला दोन वर्षं लागली. लग्नानंतर तो कपाटात गेला, डांबराच्या गोळ्यांसोबत. पाहुणे आले की बाहेर, गेले की घडीवर घडी घालून पुन्हा आत. एवढं देखणं काम, पण त्याला कुणाचा हात म्हणून लागला नाही. याची हळहळ मला आजही वाटते.

क्रोशा मी आत्याकडूनच शिकले. पण मी विणते ती लहान मुलांची पांघरुणं आणि कुशीत घेऊन झोपायची खेळणी. ससा, हत्ती, अस्वल. ही कामं शोकेससाठी नसतातच. ती फरफटली जावीत, चावली जावीत, पन्नास वेळा धुऊन वाळत पडावीत. आज त्यांच्याबद्दलच बोलणार आहे.

ज्यांनी सुई हातात धरलेली नाही, त्यांनी घाबरू नये. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर असते, एक टाका निसटला की खालपर्यंत उसवत जातो. क्रोशाच्या आकड्यावर, म्हणजे टोकाशी वाकलेल्या सुईवर, बहुतेक वेळा एकच फास असतो. गॅसवर दूध उतू चाललंय? काम खाली ठेवा, जा, परत या. काही बिघडत नाही.

पांघरुणाची सुरुवात चौकोनापासून करावी. चार साखळ्या, म्हणजे एकातून एक ओढलेले फास, जोडून गोल करायचा, त्या गोलात तीन-तीन खांबांचे, म्हणजे उंच टाक्यांचे, चार गट घालायचे आणि दोन गटांमध्ये दोन साखळ्या सोडायच्या. त्या साखळ्या म्हणजेच चौकोनाचे कोपरे. इंग्रजीत या नक्षीला ‘ग्रॅनी स्क्वेअर’, म्हणजे आजीचा चौकोन, असंच म्हणतात. चार इंचांचा एक चौकोन धरला, तर सात ओळींत नऊ-नऊ, असे ६३ चौकोन जोडून छत्तीस बाय अठ्ठावीस इंचांचं बाळाचं पांघरूण तयार होतं. स्वेटरची उरलेली लोकर, अर्धवट गुंडे, सगळं त्यात खपतं. जुन्या लुगड्यांचे थर लावून गोधडी शिवणाऱ्या आपल्या बायकांना ही रीत वेगळी शिकवायला नको.

खेळण्याचं तंत्र मात्र निराळं, आणि मला विचाराल तर तेच अधिक रंजक. जपानी बायकांनी या कलेला फार उंचीवर नेलं. तिकडे विणलेल्या बाहुल्यांना अमिगुरुमी म्हणतात. पहिल्या फेरीत सहा मुके खांब, म्हणजे बुटके टाके, घालायचे. दुसऱ्या फेरीत बारा, तिसऱ्या फेरीत अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहा वाढवत राहिलं की काम भाकरीसारखं सपाट पसरत जातं. वाढवणं थांबवून तेवढ्याच टाक्यांवर फिरत राहा, की कडा आपोआप वर उचलायला लागतात. भाकरीची वाटी होते. मग दर फेरीला सहा कमी करत जायचं, तोंड अरुंद झालं की फायबर भरायचं आणि शेवटचे सहा टाके ओढून घ्यायचे. हातात सशाचं डोकं तयार! इतकी वर्षं विणतेय, पण कडा वर उचलते त्या फेरीला मी अजून जरा थांबते, काम हातात फिरवून बघते.

लोकरीला साजेशा आकड्यापेक्षा एक-दोन नंबर बारीक आकडा घ्या, म्हणजे वीण घट्ट बसते आणि आतलं भरण डोकावत नाही. भरायला कापूस वापरू नका, धुतल्यावर त्याच्या गाठी होतात.

आणि डोळे. माझ्या पहिल्या अस्वलाला मी काळ्या बटणांचे डोळे शिवले होते. दीड वर्षाच्या भाच्यानं त्यातला एक उपटून तोंडात घातला. माझ्या बहिणीनं वेळेवर बोट घालून काढला, पण तो क्षण आठवला की पोटात गोळा येतो. तेव्हापासून माझ्या सगळ्या प्राण्यांचे डोळे दोऱ्यानं भरतकाम करून काढलेले असतात. तीन वर्षांखालच्या मुलासाठी बटण, मणी, प्लॅस्टिकचा डोळा, काहीही लावू नका. वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना त्याच्या पाळण्यात सुटं पांघरूण आणि मऊ खेळणी ठेवू नयेत असं डॉक्टर सांगतात, तेही पाळा.

मुलाला ही वस्तू इतकी का लागते? डोनाल्ड विनिकॉट नावाच्या इंग्रज बालरोगतज्ज्ञानं १९५१ साली यावर फार सुंदर विचार मांडला. आई जवळ नसताना तिचा आधार मूल एखाद्या कापडाच्या तुकड्यात, एखाद्या खेळण्यात शोधतं. त्या वस्तूचा वाससुद्धा मुलाला हवा असतो. म्हणून ती कितीही मळली तरी आई ती धुवायला कचरते. ज्या घरात आईच्या जुन्या साडीचा तुकडा घेतल्याशिवाय मूल झोपत नाही, त्या घरात हे वेगळं सांगायला नको.

डेन्मार्कमध्ये २०१३ साली काही जणींनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचे छोटे ऑक्टोपस विणायला घेतले. पुढे ही कल्पना अनेक देशांत पोचली. बाळ अंगाला लावलेल्या नळ्या ओढण्याऐवजी ऑक्टोपसच्या पीळदार पायांना धरून राहतं, ते पाय त्याला नाळेसारखे वाटत असावेत, अशी त्यामागची कल्पना. बाळाचा श्वास सुधारतो वगैरेही सांगितलं जातं, पण ते ठामपणे सिद्ध झालेलं नाही. मला भावतात ते त्यांचे नियम. सूत शंभर टक्के कॉटनचं. पाय ताणून बावीस सेंटीमीटरच्या वर जायचा नाही, बाळाला गुंडाळला जाऊ नये म्हणून. आणि साठ अंशांच्या पाण्यात धुता आला पाहिजे. दिसण्याआधी बाळाचा विचार. आपल्याकडे असं काही द्यायचं असेल तर आधी अशा बाळांच्या विभागातल्या डॉक्टरांना विचारा.

आपल्या देशातलंही सांगते. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटानं ११,१४८ चौरस मीटरहून मोठं क्रोशाचं पांघरूण मांडून गिनीज विक्रम केला. ठिकठिकाणच्या बायकांनी विणलेले तुकडे त्यात जोडलेले होते. नंतर त्या तुकड्यांची पांघरुणं गरजूंना देण्यासाठी गेली. विक्रमापेक्षा मला हे जास्त मोठं वाटतं.

शेवटी एक काम आवर्जून करा. प्रत्येक खेळण्याची थोडी लोकर चिठ्ठी लावून बाजूला ठेवा. माझ्या भाचीच्या सशाचा डावा कान चावून चावून विरला. तेव्हा माझ्याकडे ती राखाडी लोकर उरली नव्हती आणि बाजारात तीच छटा मिळेना. जरा गडद रंगानं कान नवा विणला. तिनं ससा हातात घेतला, आधी उजवा कान चाचपला, मग डावा. कपाळाला आठी घालून थोडा वेळ बघत राहिली. मग नवा कान तोंडात घातला आणि कुशीवर वळली.

नमस्कार.