मालिशला घरोघरी जाताय? मग आधी फोनवर हे विचारा

नमस्कार मंडळी, आज विषय आपल्याच लोकांचा, जळगाव, भुसावळ, धुळे कुठंही बॅग उचलून घरोघरी मालिशला जाणाऱ्या ताया-दादांचा. स्पामध्ये टेबल असतं, एसी असतो, आजूबाजूला माणसं असतात, आपल्या नशिबी कोणाचातरी बुटका दिवाण. म्हणून सांगते, नुसता रेट ठरवून फोन ठेवू नका.

पहिलं विचारायचं, दुखणं काय आहे. बाळंतीण असेल तर अजून खोदून विचारा, कारण बाळंतपणानंतर साधारण ६ आठवडे पायाच्या शिरेत रक्ताची गाठ व्हायचा धोका जास्त, सिझर असेल तर अजूनच. एकच पोटरी सुजलीय, गरम लागतेय, दुखतेय, तर सासूबाई कितीही म्हणू देत "चोळ गं जोरात, वात भरलाय", हात लावायचा नाही, ती गाठ सुटून फुफ्फुसात गेली तर जीवावर बेततं. सरळ दवाखान्यात पाठवा, त्या दिवसाचे पैसे गेले तर गेले.

आणि ती बाजेखालची शेगडी! दारं-खिडक्या बंद, आत निखारे, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वासच नसतो, डोकं दुखतं, मळमळतं आणि आपण म्हणतो ऊन लागलं. बाळ, बाळंतीण, तुम्ही, सगळे त्याच हवेत. मी तर खिडकी उघडल्याशिवाय तेलाची बाटली काढत नाही, नाकं मुरडतात लोकं, मुरडू देत.

आता आपलं अंग. दिवाणावर वाकून तासभर काम केलं की कंबर गेली समजा, त्यापेक्षा गादी खाली घ्यायला लावा, गुडघ्याखाली गोधडीची घडी ठेवा. सगळा जोर अंगठ्यावर नको, त्याच्या मुळाचा सांधा धरला की ओलं फडकंसुद्धा पिळवत नाही, कोपरापुढचा हात वापरा, अंगाचं वजन टाका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुपारचं बुकिंग नकोच. आणि तेलकट हातानं स्कूटी, प्लीज नाही.

एकट्या जाणाऱ्या तायांनो, घरात कोण कोण आहे विचारा, लाइव्ह लोकेशन घरच्यांना पाठवा, दाराकडची वाट मोकळी ठेवा, गडबड वाटली तर ११२. एजन्सीकडून जात असाल तर २०१३ च्या लैंगिक छळाच्या कायद्यात गिऱ्हाईकाचं घरसुद्धा कामाची जागा धरतात, एजन्सीत १० पेक्षा कमी माणसं असली तरी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते, तोवर चॅट आणि कॉलची यादी डिलीट मारू नका.