आधी डबी, मग गोळी

नमस्कार श्रोतेहो.

ज्यांच्या आतड्याला जुनाट सूज आहे, ज्यांच्या फाइलवर अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स डिसीज असं लिहिलेलं आहे, त्यांच्याशी आणि त्यांच्या घरच्यांशी आज मला बोलायचंय. ही माणसं मराठवाड्यात पूर्वी नव्हती असं नाही. कुणी मूळव्याध म्हणून, कुणी आव म्हणून, कुणी "अंगात उष्णता फार" म्हणून वर्षं काढली. आता जिल्ह्याच्या गावी दुर्बिणीची तपासणी होते, म्हणून आजाराला नाव मिळतं.

सांगायची गोष्ट एकच आहे. आजार शांत होता, गोळ्या चालू होत्या, आणि अचानक जुलाब वाढले, रक्त दिसायला लागलं, तर जुनंच दुखणं उलटलं असं घरातल्या घरात ठरवून स्टिरॉइडची गोळी वाढवू नका. आधी शौचाची तपासणी करा. आधी डबी लॅबमध्ये, मग गोळी. आणि स्टिरॉइड आधीपासून चालू असेल तर ते मनानं एकदम बंदही करू नका, तेही धोक्याचंच.

कारण असं, की जिवाणूंचा संसर्ग आणि आजाराचा उठाव, दोन्ही दिसायला सारखे. मुरडा तोच, रक्त तेच, रात्री चार वेळा उठणं तेच. रोग्याला फरक कळत नाही, आणि नुसतं पोट दाबून डॉक्टरलाही कळत नाही. उपाय मात्र वेगळे. स्टिरॉइड सूज दाबतं, तशी अंगाची लढायची ताकदही दाबतं. आत जिवाणू असताना गोळी वाढवली तर त्यांचंच फावतं.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर. आयुष्य प्रयोगशाळेत गेलं. रोगी मला क्वचित भेटतो, भेटते ती त्याची डबी. त्यातली एक डबी मला कायमची लक्षात राहिली आहे. तिची गोष्ट ऐका.

पैठणच्या अलीकडच्या एका गावातली थोरली सून. तिशीच्या आतबाहेरची. अल्सरेटिव्ह कोलायटिस होता, पण मेसालामिनच्या गोळ्यांवर छान चाललं होतं. श्रावणात दाढ काढावी लागली, आणि त्यानंतर तिला क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाच्या कॅप्सूल मिळाल्या. दाढेची जखम भरली. भाद्रपद लागला आणि पोट बिघडलं. दिवसाला पाच-सहा वेळा, पाण्यासारखं, मधूनच रक्त. ताप नव्हता. घरात सगळ्यांनी ठरवलं, जुनं दुखणं उठलं. जवळच्या दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं.

सलाईनबद्दल माझं मत मी बोलून टाकतेच. ज्याला तोंडानं पाणी पिता येतं, त्याला सुईतून पाणी कशाला? १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती, सलाईन पुरत नव्हतं. तिथं डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून लोकांना पाजलं आणि हजारो माणसं वाचवली. ही आपल्या देशातली गोष्ट, जगानं उचलली, आणि आपल्याच गावात बाटली टांगल्याशिवाय औषध लागू पडलंय असं वाटत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

असो. तर सुनेचा नवरा पुण्याला कंपनीत. त्यानं शहरातल्या पोटाच्या डॉक्टरांना फोन केला. "सर, स्टिरॉइड सुरू करू का?" डॉक्टर म्हणाले, आधी शौचाची तपासणी, तीही आजच, आणि पेशंटला घेऊन या. पेशंट म्हणाली, "आज महालक्ष्म्या बसल्यात. त्या उठल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही."

महालक्ष्म्या म्हणजे काय हे मराठवाड्याच्या श्रोत्यांना सांगायला नको. थोरल्या सुनेनं पहाटेपासून चुलीपुढं उभं राहायचं, सोळा भाज्या, पुरण, आंबील, फुलोरा, आणि सगळी पंगत उठल्यावर आपण बसायचं. सण मलाही प्रिय आहे, माझ्याही घरी बसतात. पण घरातली बाई आजारी असेल तर तिला पाटावर बसवून वाढावं, त्यानं ज्येष्ठा-कनिष्ठा कोपणार नाहीत, हे मी घरोघरी जाऊन सांगायला तयार आहे.

शेवटी ठरलं, पेशंट नंतर येईल, डबी आज येईल. ती आणायची जबाबदारी धाकट्या दिरानं घेतली. हा पोरगा नाथसागरातली मासळी बर्फात भरून व्यापाऱ्यांना पाठवणारा. डॉक्टरांनी फोनवर त्याला एवढंच सांगितलं, नमुना गार ठेव. पुढचं त्याचं त्याला समजलं. श्रावण-भाद्रपदात मासळीला गिऱ्हाईक कमी, घरात थर्माकोलचा कोरा डबा पडून होता. त्यात बर्फाचा चुरा भरला. डबीचं झाकण घट्ट लावलं, ती पिशवीत घातली, पिशवीला गाठ, वर आणखी एक पिशवी, आणि बर्फाच्या मधोमध ठेवून डब्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी. एसटीत मांडीवर डबा घेऊन बसला. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय रे ह्याच्यात?" म्हणाला, "दवाखान्याचं हाय." कंडक्टरनं त्याला पुढची जागा दिली आणि डब्यावर ऊन येत होतं म्हणून खिडकीचा पडदा ओढला. एसटीवाल्यांना लोक नावं ठेवतात. मी ठेवू देत नाही. माझ्या लॅबला गावोगावचे नमुने यांच्याच भरवशावर पोचले.

पोरगा माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, वैनीचं हाय. मासळी उन्हात धरली की तासाभरात जाती. हे बी तसंच असंल म्हणून बर्फात आणलं."

श्रोतेहो, त्याला कुणी हे शिकवलं नव्हतं, आणि तो अगदी बरोबर होता. आम्ही शोधत होतो एका जिवाणूचं विष. क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसील त्याचं नाव, आम्ही लॅबमध्ये सी-डिफ म्हणतो. हे विष साध्या हवेत दोनेक तासांत विरायला लागतं. नमुना उन्हात आला की तपासणी "काही नाही" म्हणून सांगते, आणि मग रोगी निष्कारण स्टिरॉइडवर जातो. नमुना २ ते ८ अंशांत ठेवला तर विष टिकतं. त्या दिवशी तपासणीच्या कार्डवर जिवाणूची खूण उमटली आणि विषाचीही उमटली.

मी लगेच डॉक्टरांना कळवलं. त्यांनी व्हॅन्कोमायसिन लिहिलं: १२५ मिलिग्रॅम, दिवसातून ४ वेळा, १० दिवस, तोंडानं. कॅप्सूल कुठं मिळेना. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, ५०० मिलिग्रॅमची इंजेक्शनची बाटली घे, पावडर पाण्यात विरघळवायची, दिवसभरात चार भाग करून पाजायची. दीर बाटल्या घेऊन गावाकडं गेला. तिथल्या दवाखान्यातल्या सिस्टरनं बाटलीवर इंजेक्शन लिहिलेलं पाहिलं आणि शिरेतून द्यायला घेतलं. पोरानं हात आडवा घातला. "सिस्टर, टोचायचं नाही, पाजायचंय. डॉक्टरांना फोन लावून देतो." फोन लावूनच दिला. आणि तेच बरोबर होतं. हे औषध शिरेतून दिलं तर आतड्याच्या पोकळीत पोचतच नाही, जिवाणू जिथं बसलाय तिथं जातच नाही. औषध कडू होतं, तिनं डोळे मिटून घेतलं.

मी सासूबाईंशीही बोलले. सांगितलं, जुलाब थांबेपर्यंत सुनेनं स्वयंपाकाला हात लावायचा नाही. आणि संडासातून आल्यावर हात साबणानं आणि पाण्यानं, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचे. कोरोनापासून घरात सॅनिटायझरची बाटली होती, सगळे तेच लावत होते. सी-डिफचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली त्याची बीजं, सॅनिटायझरनं मरत नाहीत. पुन्हा सांगते, सॅनिटायझरनं मरत नाहीत. साबण लागतो, पाणी लागतं, आणि संडासाची फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवावी लागते. दुसऱ्या दिवशी पुरण धाकट्या जावेनं घातलं. महालक्ष्म्या उठल्यावर सून शहरात आली, तोवर जुलाब दिवसाला दोनांवर आले होते. स्टिरॉइड द्यावंच लागलं नाही.

या गोष्टीत माझा वेळ बराच गेला, तेव्हा बाकीचं थोडक्यात सांगते. १९३५ साली हा जिवाणू तान्ह्या बाळांच्या शौचात सापडला, पण प्रतिजैविकांनंतरच्या आतड्याच्या दुखण्याचं तो कारण आहे हे उघड व्हायला १९७८ उजाडलं. प्रतिजैविकं आतड्यातले चांगले जिवाणू मारतात, आणि रिकाम्या जागेत हा पसरतो. आतड्याची जुनी सूज असलेल्यांना मात्र तो प्रतिजैविक न घेताही गाठू शकतो, म्हणून "मी तर कुठली कॅप्सूल घेतली नाही" असं म्हणून तपासणी टाळू नका. आणि मेडिकलमध्ये उभं राहून, चिठ्ठीशिवाय, दोन-दोन कॅप्सूल सुट्या मागणं बंद करा. दाताच्या डॉक्टरांकडं गेलात तरी आधी सांगा, मला आतड्याचा आजार आहे.

सी-डिफ एकटाच नाही. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पायलोबॅक्टर हेही असंच रक्त पाडतात. कच्चं दूध, अर्धं शिजलेलं चिकन, पंगतीतला बाहेरचा बर्फ, टँकरचं पाणी, ही त्यांची वाट. पाण्याचं दुखणं आपलं जुनं. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पाणी आलं की आपण किती आलं ते बघतो, त्यात क्लोरीन आहे का ते विचारत नाही. विचारा. टँकरवाल्याला विचारा, ग्रामपंचायतीत विचारा, आणि घरी उकळून घ्या. अमिबा हा जिवाणू नव्हे, पण त्याचीही आव अशीच दिसते. तीही डबीतच कळते, अंदाजानं मेट्रोनिडॅझोल घेऊन नाही. आतड्याचा क्षय तर हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो, म्हणून अंगाची लढायची ताकद दाबणारी इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शनं सुरू करण्याआधी डॉक्टर क्षयाच्या तपासण्या सांगतात. त्या पैसे वाचवायला टाळू नका.

आता घाईची वेळ कोणती? दिवसात ६ किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, आणि सोबत ताप, किंवा नाडी ९० च्या वर. मग महालक्ष्म्या असोत की लग्न असो, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. रक्त पडत असताना जुलाब बांधणारी लोपेरामाइडची गोळी घेऊ नका, आतडं फुगून जिवावर बेतू शकतं.

डबी कशी द्यायची ते नीट ऐका. लॅबमधून फिरकीच्या झाकणाची डबी आणा. काडेपेटी नको, औषधाची जुनी बाटली नको. नमुना पातळ झालेला असतानाचाच द्या, त्यात लघवी मिसळू देऊ नका. शक्य तर दोन तासांत पोचवा. लांबून यायचं असेल तर लॅबला आधी फोन करा, कारण काही तपासण्यांना नमुना गार लागतो. डबीवर नाव आणि वेळ लिहा, आणि चिठ्ठीवर डॉक्टरांकडून "आतड्याचा जुना आजार, सी-डिफ बघा" असं लिहून घ्या. नुसत्या साध्या शौच तपासणीत सी-डिफ कुणी शोधत नाही.

औषध संपलं, शौच घट्ट झालं, की बरं झालं का बघायला पुन्हा तपासणी करायची गरज नसते. जिवाणू काही दिवस नुसता मुक्कामाला राहतो, आणि कागद पाहून माणूस उगाच घाबरतो. पण जुलाब परत सुरू झाले तर मात्र लगेच दुसरी डबी द्या. साधारण पाचातल्या एकाला हा संसर्ग उलटतो, आणि तो बहुतेक पहिल्या दोन महिन्यांतच उलटतो. तेवढे दोन महिने लॅबमधली एक रिकामी डबी घरात आणून ठेवा.

नमस्कार.